कागदाचा पास, प्लास्टिकचा पापड

मे महिन्यात डुबुक पार्कच्या खिडकीपाशी अबोलीचा नंबर आला आणि नेमकं कार्ड छापायचं मशीन बंद पडलं.

तिच्या पुढं उभ्या असलेल्या स्वरूपला नुकतंच चकचकीत प्लास्टिकचं कार्ड मिळालं होतं. स्वरूप म्हणजे तिच्या निपाणीच्या काकांचा मुलगा. वयानं दोन महिन्यांनी मोठा आणि तोऱ्यानं दहा वर्षांनी. कार्डावर त्याचा रंगीत फोटो, वर निळी फीत. ती गळ्यात घालून तो असा उभा राहिला, जणू हायवेकडेचं ते सगळं पार्क, पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्यांसकट, त्यानंच बांधलंय.

अबोलीला मिळाला कागदाचा पास. जाड कागद, डिंकानं चिकटवलेला फोटो, त्यावर जांभळा शिक्का, आणि पेननं कानडीत लिहिलेलं नाव. तेसुद्धा 'अबोळी'. खाली टिंबाटिंबांची रेघ आणि रेघेखाली फाडून द्यायचा एक तुकडा: 'सोबतीला एक. एकदाच.'

"कागुद!" स्वरूप पोट धरून हसला. "पाण्याच्या पार्काला कागदाचा पास! अगं दसऱ्याच्या सुटीपर्यंत चालवायचाय तो. ह्यो खालचा तुकडा तर आत्ताच वाऱ्यानं जातोय बघ."

"तुझं जपून ठेव आधी," अबोली म्हणाली. पण आवाज बारीक आला. तेव्हा तिचा आवाज बारीकच होता.

त्याच दिवशी ते घडलं. पार्कातली सगळ्यात उंच घसरगुंडी म्हणजे 'भुंगाट'. अबोली रांगेतून वर पोचली, पुढच्या पोरीचं किंचाळणं ऐकलं, त्या निळ्या नळीच्या काळ्या तोंडात एकदा डोकावली, आणि मागं फिरली. अख्ख्या रांगेतून "सरका, सरका हो, सरका" करत, लोकांच्या पायांवर पाय देत, ती पायऱ्यांनी खाली आली. तिथून पुढं स्वरूपनं तिचं नाव ठेवलं रिव्हर्स. लग्नात रिव्हर्स, बारशाला रिव्हर्स, फोनवर "रिव्हर्सला दे जरा."

पण जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि अबोलीचं काहीतरी भलतंच झालं. पंधरा ऑगस्टच्या भाषणात ऐन मध्यावर माईक गेला. बाकीची मुलं अशा वेळी बाईंकडं बघत उभी राहतात. अबोलीनं पोटातून आवाज काढला आणि राहिलेलं भाषण मैदानापलीकडच्या भाजीवालीलासुद्धा ऐकवलं. टाळ्या पडल्या. घरी येताना सायकल चालवत नव्हती ती, उडवत होती. हा आवाज इतके दिवस होता कुठं?

त्या आवाजानंच घात केला. गणपतीत सगळं घर वडगावात, अबोलीकडं, जमलेलं असताना स्वरूप म्हणाला, "रिव्हर्स, मोदक हिकडं सरकव." आणि अबोली पाटावरून उठूनच उभी राहिली.

"सगळ्यांनी ऐका. पास संपायच्या आत मी भुंगाटवरनं खाली येणार. घसरत. पायऱ्यांनी न्हाय."

"आलीस तर," स्वरूप म्हणाला, "जन्मात तुला रिव्हर्स म्हणणार न्हाय. देवापुढं सांगतो. आणि न्हाय आलीस तर तुझ्या लग्नपत्रिकेवर रिव्हर्सच छापायचं."

"छाप!" अबोली म्हणाली.

गणपती गेले, घटस्थापना झाली आणि अबोलीच्या लक्षात आलं की पास सापडत नाहीये.

पास ठेवला होता कपाटावरच्या डब्यात. डबा होता, पास नव्हता. तिनं गाद्या उलटल्या, दप्तर झटकलं, तांदळाच्या डब्यात हात घातला. पुढच्या सोप्यात शालूआत्तीचे दोन माग खडखडत होते. या घराचा कारभार शालूआत्तीकडं होता, आणि मागाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची कलाही या घराला तिनंच दिली होती.

"काय हुडकालीस गं सकाळधरनं?" आत्ती ओरडली.

"पास! पार्काचा!"

"कसला फास?"

"पाऽऽस!"

"असंल हितंच. घरातनं काय जातंय कुठं?"

पार्कानं तर फलक लावला होता की सुटीतल्या शेवटच्या रविवारी फक्त पासवाल्यांना सोडणार, आणि मग दुरुस्तीसाठी उन्हाळ्यापर्यंत बंद. त्यातून ज्या दिवशी पास हरवल्याची खात्री झाली, त्याच दिवशी दसऱ्याला राहायला म्हणून स्वरूप आला. गळ्यात कार्ड. झोपतानासुद्धा काढत नसावा.

खंडेनवमीला मागांची पूजा. दोन्ही माग पुसून लख्ख केले, झेंडूच्या माळा चढवल्या. खाली पाटावर धोटे, कांड्या, कात्र्या, अबोलीची गणिताची वही, असं सगळं हळदीकुंकू लावून मांडलं. स्वरूपनं गळ्यातलं कार्ड काढलं.

"आत्ती, ह्याला पण लाव कुंकू. उन्हाळ्याधरनं पावलंय मला." आणि अबोलीकडं बघत म्हणाला, "कुणाकुणाचं हत्यार हरवलंय म्हणं?"

त्यानं कार्ड मोठ्या धोट्याला टेकवून उभं केलं. आत्तीनं कापूर पेटवला. आरती सुरू झाली. सगळे डोळे मिटून, टाळ्या वाजवत, घसा ताणून गात होते. तिसऱ्या कडव्याला वास आला.

"मागाची मोटार जळाली!" आत्तीनं आरती सोडली आणि मेन स्विचकडं धावली. "माझी मोटार जळाली गं बाई!"

घर अंधारलं. मोटार थंडगार होती. पाटावर मात्र कापराच्या उजेडात स्वरूपचं कार्ड हळूहळू वळत होतं. एक कड आत, दुसरी बाहेर, मधे फुगवटा. फोटोतल्या स्वरूपची हनुवटी कपाळाला जाऊन भेटली.

"पापड!" अबोली म्हणाली आणि हसता हसता खालीच बसली. मग तिला आठवलं की आपल्याकडं पापडसुद्धा नाही, आणि हसू अर्ध्यातच विझलं.

स्वरूपनं कार्ड तेलाच्या डब्याखाली दाबलं, मग कुणाला न सांगता इस्त्रीखाली धरलं. त्यानं पापडाची कुरडई झाली. तरी तो म्हणत राहिला, "प्लास्टिक हाय. आत सगळं शाबूत असतंय."

शेवटचा रविवार उजाडला. स्वरूपला परत निपाणीला सोडायला शालूआत्ती जाणार होती. वाटेतच पार्क, आणि अबोली डोळे पुसून आणि तोंड फुगवून पायरीवर बसलेली. निघण्याआधी साडीचा काठ तेवढा पुरा करू म्हणून आत्ती मागावर बसली, तर केशरी रेशीम संपलं.

"अबू, ती बुट्टी दे गं हिकडं."

आत्तीच्या घरात जाडसर कागदाला अभय नाही. लग्नपत्रिका, कॅलेंडरची पाठ, साबणाचं खोकं, काहीही हाताला लागलं की त्याचा तुकडा करायचा आणि त्यावर उरलंसुरलं रेशीम गुंडाळून बुट्टीत टाकायचं. ती बुट्टी, म्हणजे टोपली, अशा रंगीत वड्यांनी कायम भरलेली. अबोलीनं ती जन्मापासून रोज बघितली होती, म्हणून तर तिच्यात कधी बघितलंच नव्हतं.

आत्तीनं केशरी वडी उचलली आणि दोरा सोडवायला लागली. सर सर सर. दोऱ्याखालून एक जांभळा शिक्का वर आला. मग एक कान. मग एक वेणी.

"आत्ती! थांब! ती मी हाय!"

"कुठं?"

"दोऱ्याखाली!"

अबोलीनं झडप घातली, पण आत्तीनं हात वर केला. "ओढू नको! गुंता झाला तर तुला पण त्यातच गुंडाळून ठेवीन." आणि मग ज्या सावकाशीनं तिनं तो दोरा दुसऱ्या पुठ्ठ्यावर उतरवला, त्या सावकाशीनं अबोलीचा जीव कितीदा गेला आणि आला.

पास निघाला. एक कोपरा दुमडलेला नाही, एक चीर नाही. फक्त पावसाळ्यातल्या दमट हवेनं रेशमाचा रंग उतरून अबोलीचा चेहरा गर्द केशरी झाला होता, आणि त्यावर बारीक आडव्या रेघा. खालचा तुकडा जागच्या जागी.

"एवढा चांगला पुठ्ठा बघून मला वाटलंच," आत्ती म्हणाली, "कुणाच्यातरी मोठ्या घरची पत्रिका असणार."

बस निघाली. अबोली सारखी पास काढून बघत होती आणि स्वरूप सारखा कार्ड मांडीखाली दाबत होता. संकेश्वर गेलं तेव्हा मात्र अबोलीनं पास खिशात घातला आणि परत काढलाच नाही. पास सापडला, म्हणजे आता खरोखरच जायचं होतं वर.

फाटकावर पार्काचे राखणदार भावकूअण्णा बसले होते. हातात पार्काची शिट्टी, मिशीवर चहा. "बर्री, बर्री," म्हणत ते एकेकाला आत घेत होते. स्वरूपनं आपलं कार्ड मशीनच्या फटीत घातलं. कार्ड अडलं. उलटं घातलं, तरी अडलं. चेपून घातलं, तर टचकन उडालं आणि भावकूअण्णांच्या चहात पडलं.

"एन् तम्मा, हे काय? शेंगदाण्याची पोळी?"

"कार्ड हाय, अण्णा. जरा... पूजा झाली त्याची."

"मशीन घेत न्हाय तर मी काय करू? बाजूला हो." भावकूअण्णांनी अबोलीचा पास घेतला, लांब धरला, जवळ धरला. "आणि हे कोण? मारुती?"

रांगेत हसण्याची लाट उठली.

"मी हाय ती. रेशमाचा रंग लागलाय."

"कशावरनं? नाव तर हितं अबोळी लिवलंय. फोटो असा. उद्या कोण पण केशरी फोटो घिऊन येईल." भावकूअण्णांनी पास परत पुढं केला. "न्हाय जमायचं, पोरी."

मागं माणसं खोळंबली होती. फाटकाच्या आत निळी नळी उन्हात चमकत होती. आत्ती पदर खोचून भांडायच्या तयारीनं पुढं झालीच होती, पण अबोलीला एकदम आठवलं. ती शिट्टी! मेमध्ये हीच शिट्टी भुंगाटच्या पायऱ्यांवर वाजत होती. तेव्हा हेच अण्णा तिथं उभे होते. ओळख पटवायची एकच खूण तिच्याकडं होती, आणि तीच पुसून टाकायला ती पाच महिने धडपडत होती.

मैदानापलीकडच्या भाजीवालीला ऐकू गेलेला तो आवाज तिनं पुन्हा पोटातून काढला.

"अण्णा, मे महिन्यात भुंगाटच्या टोकावरनं घाबरून पायऱ्यांनी उलटी उतरलेली पोरगी आठवतीय? अख्ख्या रांगेला सरका, सरका म्हणत? ती मीच!"

अख्खी रांग वळून बघायला लागली. भावकूअण्णांची मिशी आधी हलली, मग पोट.

"सरका-सरका!" ते म्हणाले. "अगं, माझ्या अंगठ्यावर पाय दिऊन गेलतीस की! आठ दिवस लंगडत होतो. हौदु, हौदु, हीच ती. होग्री वळग!" आणि त्यांनी फाटक उघडलं.

अबोली आत गेली. चार पावलांवर थांबली. मागं स्वरूप पापड हातात धरून उभा होता. तोऱ्यातली सगळी हवा गेलेली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तो तिच्यापेक्षा लहान दिसत होता.

तिनं पास हातात धरला आणि टिंबाटिंबांच्या रेघेवरून खालचा तुकडा फाडला. टर्र. काय गोड आवाज आला!

"सोबतीला एक," तिनं तुकडा भावकूअण्णांना दिला. "एकदाच. ये रं. प्लास्टिक असतं तर फाटलं असतं काय?"

स्वरूपनं पापड आत्तीकडं टाकला आणि आत आला.

आत्ती बाहेरच्या बाकावर भावकूअण्णांच्या दुसऱ्या चहात वाटेकरी झाली. अबोली पायऱ्या चढली. वर वारा होता. एका बाजूला हायवे, एका बाजूला तंबाखूची शेतं, आणि फाटकाबाहेर आत्तीच्या हिरव्या साडीचा एक ठिपका हात हलवत होता. मागच्या छोट्या मुलीनं विचारलं, "आक्का, भ्या वाटालंय काय तुला?"

"व्हय," अबोली म्हणाली. "लई."

नळीचं काळं तोंड तिथंच होतं, मेमध्ये होतं तेवढंच काळं. मागं वळून पायऱ्यांकडं तिनं एकदा बघितलं. तिथं स्वरूप उभा होता. तो तोंड उघडून काहीतरी म्हणणार, एवढ्यात ती बसली आणि हात सोडले.

मग पोट कुठंतरी वरच राहिलं. पाणी, अंधार, एक वळण, अजून एक वळण, कुणीतरी किंचाळतंय, अरे ही तर मीच, आणि एकदम आभाळ. डुबुक!

ती वर आली तेव्हा नाकातोंडात पाणी होतं आणि ती हसत होती. मागोमाग स्वरूप आला, डोळे गच्च मिटून, देवाचं नाव घेत.

"अबू!" तो खोकत म्हणाला. "अबू, परत जाऊ या?"

अबू. अबोलीनं ते नाव कान देऊन ऐकलं. मग खिशाला हात लावला आणि थबकली. पास खिशातच राहिला होता. बाहेर आला तो नुसता लगदा. शिक्का गेला, नाव गेलं, फोटोतला मारुती विरघळला. उरला तळहातावर केशरी डाग.

"गेला की गं!" स्वरूप म्हणाला.

"जाऊ दे की. आज शेवटचा दिवस. पुरला न्हवं?"

अंधारायच्या आत ती दोघं कुडकुडत बाहेर आली. आत्ती बाकावर बसून पिशवीतलं केशरी रेशीम गुंडाळत होती, त्या वाकड्यातिकड्या कार्डावर.

"लई झ्याक हाय रं हे," ती स्वरूपला म्हणाली. "मधे खळगा हाय न्हवं, दोरा घसरत न्हाय. दिवाळीला येताना अजून दोन घिऊन ये."