निकाली काढलेली लिफ्ट

नीराबाईच्या फोनवर दुपारी निरोप आला. शेजारच्या प्रणालीने तो वाचून दाखवला, "मावशी, लिफ्टची तक्रार निकाली काढली म्हणतात."

नीराबाईने बाहेर जाऊन लिफ्टचं बटण दाबलं. चार महिने बंद होती, तशीच बंद.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उभा जन्म मिठागरात राबलेल्या बाईला घरकुल मंडळाच्या सोडतीत पाचव्या मजल्यावर पक्कं घर लागलं होतं. तेव्हा तिने सगळा गोतावळा बोलावून जेवू घातला होता. पण लिफ्ट बंद पडली आणि लकवा झालेला नवरा, येसाजी, घरात कोंडला गेला. दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी खुर्चीसकट उचलायचं. गेल्या खेपेला वळणावर खुर्ची निसटली आणि त्याचं कपाळ फुटलं. "मला परत खाली नेऊ नको," एवढंच तो म्हणाला होता.

नीराबाई रिक्षा करून थेट मंडळाच्या कचेरीत गेली. रहिवाशांच्या तक्रारी बघणाऱ्या कल्पिताने संगणकात पाहिलं.

"लिफ्ट दुरुस्त झालीय, मावशी. हा बघा तुमचा अंगठा."

"माझा?" नीराबाईचा आवाज चढला. "दोन वर्सं वर्गात बसून नाव लिवायला शिकले मी. अंगठा न्हाय लावत!" टेबलावरचं पेन उचलून तिने नाव लिहिलं, इतकं दाबून की कागद फाटला. "घराच्या कागदावर हीच सही हाय. काढा!"

कल्पिताने फाईल काढली. सही तीच होती.

"मी साहेबांशी बोलते. तुम्ही उद्या..."

"उद्या न्हाय. आत्ता चला. पायऱ्या चढून."

तिसऱ्या मजल्यावर कल्पिताला धाप लागली. नीराबाई थांबली नाही. वर येसाजीने एका हातानेच नमस्कार केला. "बाई आल्यात, चहा टाक."

"चहा न्हाय. आधी लिफ्ट."

येसाजीच्या कपाळावरची खोक कशी पडली ते ऐकून कल्पिता रागाने लाल झाली. तिने तिथूनच फोन लावला. "साहेब, खोट्या अंगठ्यावर तक्रार बंद केलीय. कारागीर येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

कारागीर संध्याकाळी आला. तिसऱ्या दिवशी लिफ्ट चालू झाली. येसाजी खाली उतरून फाटकापाशी बसला आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत सुटला.

त्या आठवड्यात कल्पिता परत आली. दुरुस्तीच्या ठेकेदाराने अशाच बंद केलेल्या आणखी सोळा तक्रारी तिला सापडल्या होत्या. सगळ्यांवर एकाच माणसाचा अंगठा होता. ठेकेदाराला काढलं होतं, पोलिसांत तक्रारही दिली होती.

"आता तरी राग गेला ना, मावशी?"

"ह्यांचे चार महिने कोण परत देल?"

कल्पिताने पिशवीतून त्या तक्रारदारांच्या सोळा घरांची यादी काढली. "ह्यांची कामं अजून तशीच पडलीत." नीराबाईने पदर खोचला, पायात चपला सरकवल्या.

"वाच. पयलं घर कुठं हाय?"