सेवास्तोपोलचे पीच

आमच्या गावाचं नाव नेआ सेवास्तुपोली, म्हणजे नवं सेवास्तोपोल. काळ्या समुद्राकाठच्या जुन्या सेवास्तोपोलहून आमचे खापरपणजोबा बोटीत बसून ग्रीसला आले. सरकारनं त्यांना वेरिया शहराच्या खालची दलदल दिली. त्यांनी ती उपसली, पीचची झाडं लावली आणि जुन्या गावाचंच नाव वर ठेवून दिलं. त्या नावानं आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. लग्नपत्रिका छापणारा तेवढा कुरकुरायचा, एका ओळीत मावत नाही म्हणून.

मी सिमेला. गावच्या सहकारी कारखान्यात पीच सोलून, पाकात घालून डबाबंद करतात. परदेशी विक्रीचे कागद मी बघते. आमचे अध्यक्ष अनेस्तिस यांनी कधी बल्गेरियापलीकडे डबा विकला नव्हता. त्यामुळे अम्मानच्या नाबुलसी नावाच्या व्यापाऱ्यानं मोठी मागणी नोंदवली, तेव्हा ते नवे बूट घालून हिंडायला लागले.

नाबुलसीनं आम्हाला पाहिलेलं नाही, आम्ही त्याला नाही. अशा वेळी मध्ये बँका उभ्या राहतात. त्याच्या बँकेनं आमच्या बँकेकडे पतपत्र पाठवलं: यात लिहिलंय तसे कागद शब्दाला शब्द जुळवून आणा आणि पैसे घेऊन जा. बँक पीच चाखत नाही, कागद चाखते. पतपत्रात लिहिलं होतं की माल नेआ सेवास्तुपोलीतच पिकलेला आणि तिथेच डबाबंद केलेला असावा. आम्ही खूश. गावाचं नाव पहिल्यांदाच परदेशी बँकेच्या कागदावर आलं होतं.

थेसालोनिकीच्या बंदरातून जहाज सुटलं आणि मी कागद आमच्या बँकेच्या वेरियाच्या शाखेत नेऊन दिले. थोड्याच दिवसांत अथेन्सच्या मुख्य कचेरीतून फोन आला. माणूस मृदू बोलणारा होता, नाव लेआंद्रोस वुर्लिओतिस.

"बाई, तुमचा माल निर्बंधांत अडकलाय."

"कसले निर्बंध? पीच आहेत हो ते."

"क्रिमियातलं सेवास्तोपोल रशियाच्या ताब्यात आहे. तिथला माल युरोपात आणायला आणि त्याच्या व्यवहारात हात घालायला बंदी आहे. आमच्या यंत्रानं नाव पकडलं."

"साहेब, हे नवं सेवास्तोपोल! रशियाचं सोडा, आमच्याकडे वेरियाची बससुद्धा लहर लागली तरच येते."

"मला पटतंय हो. यंत्राला पटत नाही."

हे ऐकून अनेस्तिस हसले. "एवढंच ना? गावाचं नाव खोड, वेरिया लिही. वेरियाला कोण अडवतंय?"

मी वुर्लिओतिसना विचारलं. ते म्हणाले, "मग कागद पतपत्राशी जुळणार नाहीत. न जुळणाऱ्या कागदांवर अम्मानची बँक पैसे देणार नाही."

म्हणजे नाव ठेवलं तर निर्बंध, काढलं तर तफावत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे आमचे पीच तरंगतायत.

मी नाबुलसीला कळवलं की बँकेकडून पतपत्र दुरुस्त करून घे. बिचाऱ्यानं लगेच धावपळ केली. त्याच्या बँकेनं अगदी मनापासून दुरुस्ती पाठवली: 'नेआ सेवास्तुपोली, म्हणजे मूळच्या सेवास्तोपोलच्या लोकांचं गाव.'

वुर्लिओतिसांचा फोन आला. आवाज दमलेला. "बाई, आधी यंत्राला संशय होता. आता तुम्ही कबुलीजबाबच दिलात."

तोवर जहाज नाबुलसीच्या देशातल्या अकाबा बंदराला लागलं. कागद अजून आमच्याच बँकेत, त्यामुळे नाबुलसीला माल सोडवता येईना. डबे बंदरात उन्हात तापत राहिले. इकडे कारखान्यातल्या बायका रोज अनेस्तिसना दारात गाठायच्या. "अध्यक्ष, पगार?" की ते म्हणायचे, "अम्मानहून निघालाय." एकीनं विचारलंच, "चालत येतोय का?"

शेवटी कॉफीच्या दुकानात गावसभा भरली. ठराव एकच: गावाचं नाव बदलायचं. मग जो तो नाव सुचवायला लागला. पाद्रीबुवांना संताचं नाव हवं होतं, तर कुणी म्हणालं सरळ 'पीचपूर' ठेवा. अनेस्तिसनी लाजत लाजत 'अनेस्तुपोली' सुचवलं, तशी मागून कुणीतरी चमचा फेकून मारला.

मग अनेस्तिसची पार्थेना आत्या उठली. ऐंशी पार झालेली, अजून हंगामात पीच निवडायला येते.

"माझी आजी बोटीतून उतरली तेव्हा तिच्याकडे एक गोधडी होती आणि हे नाव होतं. गोधडी उंदरांनी खाल्ली. नाव बँकेला खाऊ देणार नाही मी. लाव गं सिमेला त्या अथेन्सवाल्याला फोन."

मी स्पीकरवर लावला. आत्यानं तो हातातून ओढून घेतला.

"बाळा, जेवलास का?"

"अं? नाही अजून. कोण बोलतंय?"

"पार्थेना आत्या. तुझं आडनाव काय रे?"

"वुर्लिओतिस."

"म्हणजे वुर्लाचे तुम्ही. समुद्रापलीकडचं वुर्ला ना? ते तर तुर्कस्तानात."

"हो... माझी पणजी तिकडून आली. पण मी अथेन्सचा, आत्या."

"आणि आम्ही इथले. तुझ्या नावात वुर्ला आहे म्हणून तुला कुणी तुर्क म्हणतं का रे? मग आमच्या डब्यांना का रशियन म्हणतोस?"

सगळं दुकान कान टवकारून बसलेलं.

"आत्या," ते हळूच म्हणाले, "ते वुर्ला मी कधी पाहिलंसुद्धा नाही."

"तसं आम्ही तरी कुठे ते सेवास्तोपोल पाहिलंय? ये इकडे, हे नवं तरी बघून जा."

आणि तो माणूस खरंच आला. उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेनं. आत्यानं आधी तळलेल्या पिशी, म्हणजे आमच्याकडच्या पुऱ्या, आणि ताक समोर ठेवलं. मग वुर्लिओतिसांनी गावच्या पाटीचे, झाडांचे, कारखान्याचे फोटो काढले. वेरियाच्या नगरपालिकेत आम्ही दोघं दाखला मागायला गेलो, की हे गाव ग्रीसमध्ये आहे. कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "असा दाखला आजवर कुणी मागितला नाही. कुठे गेलं होतं का गाव?" पण दिला.

वुर्लिओतिसांनी परत जाऊन वरिष्ठांकडून मंजुरी मिळवली, कागद अम्मानला धाडले आणि सोबत सविस्तर खुलासा जोडला: माल रशियाचा नाही, क्रिमियाचा नाही, जुन्या सेवास्तोपोलचा तर नाहीच नाही.

अम्मानच्या बँकेतही यंत्र होतं. त्याला 'नाही' वाचता येत नव्हतं. रशिया, क्रिमिया, सेवास्तोपोल, तिन्ही नावं एकाच पानावर बघून त्यानं अख्खा व्यवहार गोठवून टाकला.

मी रडायच्या बेतात होते. वुर्लिओतिस मात्र चिडले. बहुधा जन्मात पहिल्यांदाच. त्यांनी थेट अम्मानला फोन लावला, मलाही जोडून घेतलं. तिकडे कागद तपासणाऱ्या बाई होत्या आणि त्यांच्या टेबलासमोर नाबुलसी ठाण मांडून बसलेला. तो रोज येऊन बसायचा म्हणे.

"मॅडम," तो मागून ओरडत होता, "माझ्या दुकानाचं नाव पॅरिस! मी काय फ्रेंच आहे? माझ्या तोंडाकडे बघून तरी सांगा!"

बाई हसल्या. त्यांनी फोटो पाहिले, दाखला वाचला, वुर्लिओतिसना चार प्रश्न खोदून विचारले. मग म्हणाल्या, "खुलासा मागे घ्या. त्या जागी एकच ओळ लिहा: माल ग्रीसमधला आहे, दाखला सोबत. यंत्रानं थांबवलं तर पुढं माझी सही आहे."

सही झाली. नाबुलसीनं डबे सोडवले. उन्हानं काही लेबलं पिवळी पडली होती; तो म्हणाला, पीचला तोच रंग शोभतो.

पैसे जमा झाले त्या दिवशी अनेस्तिस कारखान्याच्या अंगणात स्टुलावर चढून भाषण करायला लागले. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो..." एवढंच झालं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पुढे झाल्या आणि त्यांना नव्या बुटांसकट उरलेल्या पाकाच्या हौदात ढकललं. सगळ्यात पुढे पार्थेना आत्या होती. अध्यक्ष बाहेर आले ते ठिबकत. गल्लीभर मधमाश्या त्यांच्या मागे, आणि घरी बायकोनं आत घेण्याआधी नळीनं नखशिखांत धुऊन काढलं.