डॉक्टरांचा शनवार

सायमन गुरांचा डॉक्टर झाला खरा, पण गुरांना तो टरकून असायचा. पनवेलच्या एका चकाचक क्लिनिकमध्ये कुत्र्यांची नखं कापण्यात त्याची दोन वर्षं गेली. शिक्षणाचं कर्ज मात्र जिथल्या तिथं. त्या कर्जाला मामा जामीन होता, आणि मामा दर सणाला जेवताना नुसता त्याच्याकडे बघायचा.

तेवढ्यात योजना आली. ज्या गावात जनावरांचा डॉक्टर टिकत नाही, तिथं जाऊन राहायचं. पगारावर जादा भत्ता. तीन वर्षं काढली की कर्ज माफ. अट एकच: दर वर्षी ग्रामसभेनं हात वर करून सांगायचं, की हो, डॉक्टर आमच्यातच राहतो. हात वर झाले नाहीत तर घेतलेला भत्ता परत आणि कर्ज पुन्हा मामाच्या गळ्यात.

सायमननं एका वासराला मिठी मारून फोटो टाकला. खाली सेवेबद्दल असं काही लिहिलं की वाचून त्याचं त्यालाच भरून आलं. भत्त्याबद्दल लिहायचं राहून गेलं. वासरू तेव्हा त्याच्या शर्टाचं बटण खात होतं.

"अरे, तू टपालनाक्यावरच्या गाईला वळसा घालून शाळेत जायचास," आई, म्हणजे शोशानाबाई म्हणाली.

"आई, मी आता डॉक्टर आहे."

"गाईला माहितीय का ते?"

गाव डोंगराच्या बाजूला, एसटी जिथून तोंड फिरवून परत येते तिथं. बुधाजी नावाच्या म्हाताऱ्यानं त्याला खोली दिली. पहिल्याच संध्याकाळी चहा पुढं करत बुधाजी म्हणाला, "तुमी पनवेलच्या इस्रायल आळीतले ना? म्हंजे शनवार तेली. आमचा आजा सांगायचा, तुमची मानसं शनवारी काम नाय करायची. घान्याचा बैल पन सोडून ठेवायची. तुमी पालता का अजून?"

खरं सांगायचं तर सायमनच्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू घरात शनिवार पाळायची ती फक्त आई. शुक्रवारी संध्याकाळी शनिवार लागताना ती दिवा लावायची तेव्हा हा बहुतेक वेळा पाणीपुरीच्या गाडीवर असायचा. पण दर शनिवारी खांदा कॉलनीतल्या टर्फवर क्रिकेट असतं, हे त्याला चहाच्या घोटाबरोबर आठवलं.

"पाळतो म्हणजे काय!" तो म्हणाला. "एकदम कडक. काम नाही, फोन नाही. शुक्रवारी संध्याकाळी घरी जावं लागतं."

बुधाजीनं मान डोलावली. "धरम तो धरम."

झालं. सगळ्या गावानं डॉक्टरचा शनिवार मनावर घेतला. रविवार ते शुक्रवार सायमन भीत भीत शेपट्यांमागे उभा राहायचा, हळूहळू थोडं जमायलाही लागलं होतं. पण शनिवारी त्याला कुणी फोन करायचं नाही. पलीकडच्या घरातली मालूकाकी तर खतवाल्या सेल्समनलाही दारातून पिटाळायची, "उद्या ये रं, आज डाक्टरांचा शनवार हाय." हे तिनं स्वतः कौतुकानं सांगितलं तेव्हा सायमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या शनिवारी त्यानं चव्वेचाळीस रन मारले.

वर्ष संपत आलं. बुधवारी ग्रामसभा होती. त्याआधीच्या शुक्रवारी रात्री मालूकाकीची म्हैस, चांदी, विताना अडली.

सकाळी बुधाजीनं मोबाईल काढला, तर काकीनं हात धरला. "नको. त्यांचा शनवार मोडंल. दुसरा डाक्टर आना."

म्हणून बुधाजी आपला टेम्पो घेऊन पनवेलला आला. तीन क्लिनिक फिरला. तिन्हीकडं सांगितलं, आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. एका ठिकाणी तर विचारलं, म्हैस आत येईल का? हताश होऊन परत निघाला आणि खांदा कॉलनीच्या सिग्नलला थांबला. जाळीच्या आत, पाठीवर सात नंबर लिहिलेल्या पिवळ्या जर्सीत, आपला डॉक्टर अंपायरवर बोंबलत होता.

बुधाजी उतरला. जाळी धरून ओव्हर संपेपर्यंत अदबीनं उभा राहिला. मग हळूच विचारलं, "डाक्टर, हे पन शनवारातच येतं का?"

सायमनच्या हातातली बॅट खाली गेली. हो म्हणाला असता तर म्हाताऱ्यानं विश्वास ठेवला असता, हेच सगळ्यात वाईट होतं. बुधवारचे हात त्याला दिसत होते, मामाही दिसत होता.

"नाही बुधाजी," तो म्हणाला. "हे नाही येत. मी खोटं बोललो. तुम्ही इथं कसे?"

"मालूची म्हस अडलीय. रातपासून."

मग तो टेम्पोत कधी बसला, त्याचं त्याला कळलं नाही. बॅट हातातच राहिली होती.

चांदी आडवी पडली होती. सायमननं खोलीतून बॅग आणली, कोपराच्या वरपर्यंत साबण लावला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. पिल्लाचं डोकं लागलं, एक पाय लागला. दुसरा गुडघ्यात दुमडून मागं अडकलेला. चांदीनं कळ दिली की त्याचा हात चेंगरायचा आणि तो तिच्याहून मोठ्यानं ओरडायचा.

"नेमकं कोन वितंय?" बुधाजीनं विचारलं.

सायमननं पिल्लाचं डोकं आत ढकललं, खूर मुठीत झाकून घेतला, पाय सरळ केला. मग दोरी, मग बुधाजी आणि काकी, मग सगळे मिळून मागं शेणात. पारडी होती. नाकातला चिकटा काढल्यावर ती शिंकली, थेट सात नंबरच्या जर्सीवर.

तिथंच, शेणात बसल्या बसल्या, सायमननं काकीला सगळं सांगितलं. क्रिकेटसकट. काकी चांदीला गूळ भरवत राहिली.

बुधवारी ग्रामसभेत काकीच उभी राहिली. "डाक्टर लबाड हाय," तिनं सुरुवात केली. सायमननं मनातल्या मनात मामाला फोन लावला. "आमी वरीसभर त्याचा शनवार पालला, त्यानं नाय पालला. म्हस वाचवली म्हून हात वर करीन. पन आता त्यानं शनवार पालायचा. इथं, माझ्या ओट्यावर. फोन नाय, बॅट नाय. जनावर अडलं तरच उठायचं."

सगळे हात वर झाले. बुधाजीनं तर दोन्ही केले.

बातमी इस्रायल आळीत पोचली. त्याच शुक्रवारी शोशानाबाई एसटीनं दिवा घेऊन हजर. "मला सव्वीस वर्षांत जमलं नाही," ती काकीला म्हणाली, "म्हशीनं करून दाखवलं."

शनिवारी सायमन ओट्यावर बसला होता. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं. समोर चांदी रवंथ करत त्याच्याकडं बघत होती, अगदी मामासारखी. तेवढ्यात रस्त्यावर खतवाला सेल्समन आला आणि सायमन आशेनं उठला.

"बस खाली," आतून काकी ओरडली. "आज तुझा शनवार हाय."