पक्कडचा शब्द

"हात दाखवा," त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावता लावता बायको म्हणाली.

पक्कडने डावा हात दाखवला.

"तो नाही. दुसरा."

दुसरा हात त्याने खिशात घातला आणि कुत्री खोळंबलीत, असं सांगितलं. कुत्र्यांना कसलीही घाई नव्हती. ती अंगणात आडवी पसरून माश्या हाकलत होती.

पक्कड हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लाकडाच्या वखारीत करवतीपाशी उभं राहून त्याचा सगळा जन्म गेला होता. एकदा हातात आलेली वस्तू याच्या हातून सुटत नाही, म्हणून वखारीतल्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि मग घरच्यांनीही तेच उचललं. मुलगी देताना सासऱ्याने म्हणे त्याचा हात हातात घेतला होता आणि नंतर बराच वेळ स्वतःचीच बोटं चोळत बसला होता.

त्याच करवतीच्या थरथरीने उजव्या हाताची बोटं बधिर झाली. आधी करंगळी गेली, मग तिच्या शेजारची दोन. हातात वस्तू आहे की नाही हे त्याला बघितल्याशिवाय कळेना. दोनदा चहा अंगावर सांडल्यावर बायकोने काही न बोलता त्याला कपाऐवजी स्टीलचा पेला द्यायला सुरुवात केली. तो न फुटणारा पेला तोंडाला लावताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वखारीत कसंबसं निभावून नेता येत होतं. खरी भीती होती ती शिकारीची.

रानडुकरं शेतात घुसली की लोक त्याला आणि त्याच्या मेहुण्याला बोलवत. मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणत. दोन कुत्री भुंकून डुकराला एका जागी अडवून धरायची. मग ढब्बीला सोडायचं. ढब्बी ही पक्कडची कुत्री, अंगाने आडवी, पायाने बुटकी. ती एकदा कानाला लोंबकळली की सांगितल्याशिवाय जबडा उघडत नसे. तिने धरलं की पक्कडने मागून जाऊन डुकराचे मागचे दोन्ही पाय उचलायचे आणि "धरलं" म्हणायचं. तो शब्द कानावर पडल्यावरच पेंटरने गुडघा टेकून सुरी चालवायची, त्याआधी नाही. गुडघा टेकलेल्या माणसाला पळता येत नाही.

पेंटरच्या मांडीवर एक लांब व्रण होता. पक्कडच्या आधी पाय धरायला जो गडी यायचा, त्याने घाईने "धरलं" म्हटलं होतं, त्याची ती खूण. तेव्हा पेंटर मरता मरता वाचला. तो गडी पुन्हा कुणाला तोंड दाखवायला आला नाही. पक्कडच्या शब्दावर मात्र पेंटर डोळे मिटून गुडघा टेकायचा.

"तुम्ही सांगताय की मी सांगू?" बायकोने विचारलं. "माझा पाठचा भाऊ आहे तो."

"आल्यावर सांगतो. आजचा दिवस जाऊ दे."

"आणि आजच काही झालं तर?"

 पक्कड अंगणात गेला. ढब्बीच्या गळ्याला रुंद पट्टा बांधायचा होता. वखारीतल्या मशीनच्या जुन्या पट्ट्यातून त्याने तो स्वतः कापला होता, म्हणजे सुळा लागला तरी गळा वाचावा. आज पट्ट्याचं बक्कल बोटांना दाद देईना. शेवटी त्याने पट्टा दातात धरून ओढला. नेहमीच्या झिजलेल्या भोकापर्यंत काही तो पोचला नाही, एक भोक अलीकडेच अडकला आणि सैल राहिला. तिकडे गेल्यावर पेंटरला आवळायला सांगू, असं त्याने ठरवलं.

मग वाटेत त्याच्या लक्षात आलं, की पट्टा आवळायला सांगितला तर तो का नाही आवळला हेही सांगावं लागेल.

पेंटर मक्याच्या शेतापाशी विडी ओढत उभा होता. बाही कोपरापर्यंत गुंडाळलेली आणि नखांत निळा रंग.

"काय भाऊजी, चेहरा का उतरलाय? ताईने झाडलं वाटतं सकाळी सकाळी."

"रोजचंच आहे ते," पक्कड म्हणाला. पट्ट्याचं बोलायचं तोंडाशी आलं होतं, ते त्याने गिळलं.

शेताचा मालक बांधावर उभा होता आणि तिथून खाली उतरायचं त्याचं लक्षण दिसत नव्हतं. तो वरूनच सांगत होता, की भलामोठा नर आहे, परवा त्याच्या बायकोच्या अंगावर धावून आला, तिने डोक्यावरचा भारा टाकला आणि झाडावर चढली. ती झाडावर कशी चढली याचंच त्याला अजून नवल वाटत होतं. पेंटर हसला. पक्कडला हसू आलं नाही. 

दोन्ही कुत्री मक्यात शिरली. बराच वेळ नुसती सळसळ ऐकू येत होती. वारा नसताना मधली काही ताटं हलली, थांबली, पुन्हा हलली. पक्कड खिशातल्या खिशात बोटं उघडमीट करत होता. ती उघडताहेत की नाहीत ते त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात खालच्या कोरड्या ओढ्यातून भुंकणं सुरू झालं.

दोघे उभ्या उतारावरून घसरत ओढ्यात उतरले. दरडीला पाठ लावून नर उभा होता. पक्कडने इतकी वर्षं डुकरं पाहिली होती, पण एवढं मोठं एकही नाही. सुळे पिवळे होते आणि तो ते एकमेकांवर घासत होता. तो आवाज करवतीला धार लावताना येतो तसा होता. पेंटरने ढब्बीला सोडलं. ती सरळ जाऊन कानाला भिडली.

"जा भाऊजी."

पक्कड गेला. माणूस भ्यायला तरी अंगाची सवय जात नाही. तो मागून वाकला, दोन्ही पाय धरले आणि उचलले. डाव्या हातात पायाचा जोर जाणवत होता, तिथे केस टोचत होते. उजव्या हातात काहीच नव्हतं. त्याने खाली पाहिलं. बोटं पायाभोवती होती. दिसायला तरी धरलेलं होतं.

"धरलं?" पेंटरने विचारलं. तो एक पाय पुढे टाकून, गुडघा वाकवून तयार होता. मांडीवरचा तो व्रण विजारीच्या आत नेमका कुठे आहे, हे पक्कडला ठाऊक होतं.

तो शब्द त्याच्या ओठांवर येऊन थांबला. न बोलावं तर ढब्बीचं काय होईल हे त्याला दिसत होतं. ती कान सोडणार नव्हती. आणि बोलावं, तर तिच्या जागी पेंटर.

"धरलं का, भाऊजी?"

"नाही," पक्कड म्हणाला. "नाही धरलं. मागं हो."

पेंटर मागे उडाला. त्याच क्षणी उजव्या हातातला पाय निसटला. पक्कडला तो निसटलेला कळला नाही, नुसता दिसला. नराने मान खाली घालून वर झटकली आणि ढब्बी कानासकट उचलली गेली. पुढच्या झटक्याला कान फाटला. नर दोन्ही कुत्र्यांना उधळून ओढ्याच्या वळणाआड गेला.

ढब्बी वाळूवर पडली होती. पट्टा वर जबड्यापर्यंत सरकला होता आणि त्याच्याखाली उघड्या पडलेल्या गळ्यात सुळा घुसला होता. पक्कड तिच्यापाशी बसला. तिने शेपूट एकदा हलवली. जबड्यात तो कानाचा तुकडा होता आणि अजूनही ती तो सोडत नव्हती.

"सोड," तो म्हणाला. "सोड बाळा, झालं."

तिने सोडला, आणि मग तिचा श्वासही थांबला.

बांधावरून मालकाचा आवाज आला, की पक्कडची पाचावर धारण बसलेली दिसते, नाव बदलायला हवं आता. पक्कडने वर पाहिलं नाही. तो पट्ट्याचं बक्कल काढायला झटत होता आणि बोटं नुसती त्याच्यावरून घसरत होती. त्याला रडू फुटलं. पेंटर शेजारी येऊन बसला, बक्कल काढलं आणि पट्टा हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिला. झिजलेलं भोक त्याने अंगठ्याने चाचपलं, मग त्याच्या अलीकडचं. पट्ट्यावर दातांच्या खुणा होत्या.

"कधीपासून?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"झाले बरेच महिने."

 पेंटरने वरच्या माणसाला ओरडून सांगितलं, की चूक आमच्या कुणाची नाही, जनावर भारी होतं, आणि फारच हौस असेल तर खाली उतरून त्याने स्वतः पाय धरून बघावेत.  मग त्याने ढब्बीला खांद्यावर घेतलं आणि दरड चढून वर ठेवून आला.

पक्कड खालीच उभा होता. दरड उभी होती, आणि झुडपांना धरून वर जायचं तर बोटं हवी होती. पेंटर काठावर पालथा झाला आणि त्याने हात खाली सोडला. पक्कडने सवयीने उजवा हात वर केला. मग लक्षात येऊन तो मागे घेऊ लागला, पण पेंटरने बोटांकडे न जाता थेट मनगट पकडलं.

"धरलं," तो म्हणाला. "या वर."