काटे छाटलेली बुरशी

मी बुरशी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. माणूस जुनाट विचारांचा निघाला की त्याला तुम्ही 'बुरसटलेला' म्हणता. तो मात्र खुशाल मोकळा हिंडतो आणि कोंडून घातलेली असते मी! बंगळुरूत येलहंक्याच्या एका प्रयोगशाळेत, फ्रिजमधल्या काचेच्या नळीत, तोंडावर कापसाचा बोळा.

माझा जन्म चिकपेटेतला. संताजींच्या साड्यांच्या दुकानाखाली तळघर आहे. भिंतींना ओल, वाऱ्याला वाट नाही, आणि गठ्ठ्यांना गुंडाळलेलं गोणपाट. मला आणखी काय हवं? कुणी गठ्ठा हलवला की मी धुळीसारखी उडायचे. माझ्या मनात कुणाचं वाईट नव्हतं. मला पसरणं तेवढं येतं.

पण संताजींची मुलगी रक्षिता तळघरात उतरली की तिच्या छातीतून शिट्टी वाजायची. धंद्यात ती बापाहून तल्लख. दुकान पुढे तिलाच चालवायचं होतं. म्हणून एका दवाखान्यात तिने माझ्याच अर्काची इंजेक्शनं सुरू केली. युक्ती वाईट नाही: ज्याचा त्रास होतो तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची. पण तो अर्क म्हणजे मला सरसकट वाटून काढलेला. एका कुपीत मी मिळमिळीत, तर दुसरीत जहाल. अशाच एका जहाल कुपीनंतर तिचा घसा आवळला आणि तिला थेट आयसीयूत न्यावं लागलं.

त्या दिवसापासून संताजींनी तिला दुकानाची पायरी चढू दिली नाही. हवेतून मी आत येऊ नये म्हणून यशवंतपूरच्या घरात खिडक्या लावून ती बसते आणि फोनवरून व्यापाऱ्यांशी भांडते. तिला तिथे कोंडणारी मीच.

मग एकदा याच त्रासावर सौम्य औषध शोधणारी वेदिका नावाची तरुण संशोधक तळघरात आली. तोंडाला मास्क, हातात छोटी सुरी. भिंत खरवडून तिने चिमूटभर मला नळीत घेतलं.

"मॅडम, स्वल्पच कशाला?" संताजी म्हणाले. "सगळीच न्या की!"

वेदिका हसली. पण प्रयोगशाळेत आल्यावर तिचं हसणं संपलं. "माणसाला अर्धा जीव घेणारं औषध द्यायचं आणि म्हणायचं, सोसा! हे चालणार नाही," असं ती खुर्चीला, फ्रिजला, कुणालाही ऐकवायची. घाई तिच्या रक्तातच होती.

माझ्या अंगात एक प्रथिन आहे. त्याला बाहेरून जणू काटे असतात. रक्षिताचं शरीर ते काटे ओळखतं आणि एकच बोंब ठोकतं. वेदिकाने त्या प्रथिनाची नक्कल घडवली, पण काटे छाटून. तिला मी माझी लेक मानते. रक्षिता स्वतः येऊन रक्त देऊन गेली आणि त्या रक्तात माझी लेक सोडली गेली. रक्तातल्या पेशी गप्प! वेदिका जागच्या जागी नाचली.

"इतकी शांतता बरी नव्हे," तिचे मार्गदर्शक विद्याधर सर म्हणाले. "शरीराला सवय लावणाऱ्या पेशींनाही तिची ओळख पटलेली नाही. मग शरीर शिकणार काय, कपाळ?"

"सर, पण सेफ तर आहे ना!"

"पाणीही सेफ असतं. कर पुन्हा."

ती चिडली, रडली, आणि पुन्हा कामाला लागली. या वेळी काटे गेले, पण चेहरामोहरा राहिला. आता पेशींनी बोंब ठोकली नाही, नुसत्या मान वळवून पाहू लागल्या. पुढे उंदरांवर चाचण्या झाल्या, परवानग्या आल्या, माणसांवरच्या पहिल्या चाचणीची तयारी झाली. बातमी कळताच रक्षिता धावत आली.

"तुला पहिल्या तुकडीत घेता येत नाही गं," वेदिका म्हणाली. "एकदा घसा आवळलेला पेशंट नको, असा नियम आहे."

"माझंच रक्त चाललं, आणि मी नको? कुणी केला हा नियम?"

"तुझ्यासारख्याच कुणाच्या तरी घशाने."

रक्षिताने बाही वर केली. "अक्का, इथे कोण बघतंय? टोचा."

वेदिकाने फ्रिज उघडला. माझ्या लेकीची कुपी तिने हातात घेतली. मीही मनात ओरडत होते: दे, एकदाची दे!

"नळीत पेशींनी बोंब ठोकली नाही म्हणून तू सुखरूप राहशील, हे मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "माहीत नसताना टोचलं, तर त्या दवाखान्यात आणि माझ्यात फरक काय?" तिने कुपी परत ठेवली आणि दार असं आपटलं की माझी नळी खणखणली.

अंधारात मला फक्त रक्षिताचा आवाज आला. "सरी, अक्का, ठीक आहे. पण लवकर करा. मला खिडकी उघडायचीय."

ती पुन्हा त्या बंद घरात, मी या नळीत. माझ्याच्याने काही होत नाही. तुमच्याच्याने होईल. तुमच्यापैकी कुणाला माझा थोडासाच त्रास असेल, नुसत्या शिंका, नुसतं खाजणारं नाक, आणि घसा कधी आवळला नसेल, तर पहिल्या तुकडीत जागा तुमच्यासाठीच आहे. सगळं नीट विचारून घ्या, शंका काढा, वेदिकाला भंडावून सोडा. आणि पटलं तर बाही वर करा. तुमच्यानंतरच तिची पाळी येणार आहे.