न धुतलेली तार

मित्रांनो, मी प्लॅटिनमची एक म्हातारी तार आहे, टोकाशी वेटोळं घातलेली. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. आज तुमच्याशी बोलते आहे खरी, पण मान खाली घालूनच.

आधी माझं काम सांगते. समुद्रातलं शेवाळ जाळून त्याची राख आम्लात विरघळवतात आणि त्यातलं युरेनियम वेगळं करून पाण्याच्या द्रावणात घेतात. तळाशी पोलादाची गुळगुळीत चकती, वरून बुडालेली मी. वीज सोडली की युरेनियमचा पातळ थर चकतीवर बसतो, भांड्याला कल्हई लावावी तसा. मग यंत्र त्या थराचे किरण मोजतं. समुद्रात युरेनियम थोडं असतंच, पण आकडा चढला की ते शेवाळ कुणी खायचं नाही.

तिथल्या हात्सुएबाई माझ्यावर जीव टाकायच्या. "आमची म्हातारी अजून ताठ आहे हं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. प्रत्येक कामानंतर त्या मला आम्लात उकळायच्या. त्या वर्षअखेरीला मात्र यंत्र तपासण्यासाठी चकत्या करायच्या होत्या, म्हणून मला युरेनियमच्या कडक द्रावणात बुडवलं. झाडलोटीच्या गडबडीत बाईंनी मला नुसतं पाण्याने विसळलं आणि पांढऱ्या कागदावर घालून मोचीच्या, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यांच्या, नैवेद्यापुढे ठेवलं. आमच्याकडे नव्या वर्षी अवजारांनाही मान असतो. सुट्टीनंतर पहिलं काम माझ्याच हातून व्हावं, हा बाईंचा हट्ट.

"उकळायची नाही का?" सुट्टी संपल्यावर प्रयोगशाळेचे प्रमुख मोरिवाकी साहेबांनी विचारलं.

"देवापुढून उचललेली वस्तू परत धुवायची? काहीतरीच काय साहेब."

साहेब हसले. माझ्या वेटोळ्यात चिकटलेलं युरेनियम कुणाला दिसणार? मला ते जाणवत होतं. पण तारेला कुठलं तोंड?

पहिला नमुना शेवाळ काढणाऱ्या त्सुयाको आजींच्या गावचा होता. आकडा भलताच चढला. गावाची काढणी थांबली. आजींनी जन्मभर त्या समुद्रात बुड्या मारल्या होत्या. त्यांनी वाळत घातलेलं सगळं शेवाळ स्वतःच्या हाताने खड्ड्यात पुरलं.

हात्सुएबाईंना चैन पडेना. त्यांनी शेवाळाविना नुसतं द्रावण केलं, कोरी चकती घेतली आणि मला बुडवलं. तरी आकडा चढला. दोष समुद्राचा नव्हता, माझा होता; बाईंनी तो साहेबांना सांगितला.

"समुद्र ठीक आहे, एवढंच कळवू," साहेब म्हणाले. "कारण कशाला सांगत बसायचं?"

"आजींनी माल पुरलाय साहेब. मला जायलाच हवं."

मला पिशवीत बंद करून त्या गावी गेल्या. आजींच्या दारात गुडघे टेकून त्यांनी सगळं सांगितलं.

आजी म्हणाल्या, "शेवाळ काय, पुन्हा येईल गं पोरी. पण समुद्र विषारी झालाय म्हणून मीच नातवंडांना दटावलं. आता पाण्यात पाय घालत नाहीत. माझं ऐकायला तयार नाहीत. तूच सांग जा."

बाई किनाऱ्यावर गेल्या. बूट-मोजे काढले आणि तशा थंडीत गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. "या रे," म्हणाल्या. मुलं लांबूनच बघत राहिली. एकही पुढे आलं नाही.

मित्रांनो, ज्या अवजारावर दुसऱ्याचं ताट अवलंबून आहे, त्याला मान दिला नाहीत तरी चालेल. पण त्याला घासा, उकळा, मगच कामाला लावा. ती मुलं अजूनही पाण्यापासून लांबच खेळतात.