दोन्हीकडे चालेल असे नाव

अंधेरीच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या एका चाळीत, गुणाजी नामक गृहस्थाच्या घरी पुत्ररत्न जन्मास आले, आणि त्याच क्षणापासून त्या गृहस्थाच्या मनाची शांती पार लयास गेली.

वास्तविक पाहता प्रसंग आनंदाचा होता. परंतु दोन वर्षांपूर्वी या दांपत्याचा पहिला मुलगा बारसे होण्याआधीच देवाघरी गेला होता. त्याचे नाव ठेवायचे राहून गेले ते गेलेच. म्हणून या खेपेस गुणाजीची आई शेवंतीबाई हिने गावच्या सातेरीदेवीला नवस बोलला होता की, मुलगा झाला तर त्याला पाळण्यात मुलीचे नाव ठेवीन, आणि तो पाच वर्षांचा झाला की तुझ्यासमोर नारळ फोडून खरे नाव देईन. मधल्या काळात यमाची नजर घरावरून फिरली, तरी मुलगी समजून तो उंबऱ्यावरून माघारी जाईल, अशी तिच्या माहेरची श्रद्धा होती.

गुणाजीची पत्नी मालन हिने मात्र बाळंतपणाच्या खाटेवरूनच या गोष्टीस साफ नकार दिला.

"माझ्या पोराला लपवायला मी काय चोरी केलीय?" ती म्हणाली. "आईंना सांगा, मुलगा झालाय तर मुलाचंच नाव पाहिजे."

"पण आईने देवीला शब्द दिलाय ना गं."

"मला विचारून दिला का?"

गुणाजी दोघींच्या मध्ये येरझारा घालू लागला. आईकडे जावे तर आई डोळ्यांना पदर लावी, पत्नीकडे जावे तर पत्नी भिंतीकडे तोंड फिरवी. बारसे रविवारवर येऊन ठेपले होते. आईचा नवस मोडला आणि मुलाला काही बरेवाईट झाले, तर आपण जगावे कसे? आणि नवस पाळला, तर मालन आपल्याशी पुन्हा मनापासून बोलेल काय? त्याच्या बुद्धीचा जणू चरखा झाला होता. फिरत होता, पण सूत काही निघत नव्हते.

गिरणीतली नोकरी सुटल्यापासून गुणाजी गोरेगावच्या एका स्टुडिओत मोठमोठ्या पडद्यांवर आकाश रंगविण्याचे काम करीत असे. त्या दिवशी कपडेपटाचे शिंपी नाना तेथून जाताना थबकले.

"काय रे, आज ढग हिरवा काढलास?"

गुणाजीने पाहिले तो खरोखरच ढग हिरवा झाला होता. त्याने ब्रश खाली ठेवला आणि आपली सर्व व्यथा नानांच्या कानी घातली.

"एवढंच ना?" नाना म्हणाले. "मग दोन्हीकडे चालेल असं ठेव. माझी मेहुणी सुहास. तिचा नवरापण सुहास. बाहेरून कोणी हाक मारली की दोघंही ढिम्म बसून राहतात."

"भांडणं होत नाहीत?"

"होतात की. पण नावावरून नाही."

गुणाजीच्या अंतःकरणात दीप प्रज्वलित झाला. घरी पोहोचताच त्याने आईला बाजूस घेऊन सांगितले, "आई, सुहास. आपल्या बालवाडीच्या सुहासबाई नाहीत का, तसं."

"ती जाडी बाई?" शेवंतीबाई विचार करून म्हणाली. "बरां आसा. चेडवाचां, पोरीचांच वाटता."

मग तो मालनजवळ बसला आणि म्हणाला, "सुहास. आपले मिशीवाले वायरमन नाहीत का, सुहास सावंत. ते नाव."

मालन कित्येक दिवसांनी प्रथमच हसली. "मिशीवालं नाव शोधून आणलंत होय. चालेल."

नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा, तोवर ते कोणी तोंडाबाहेर काढू नये, असे बजावून गुणाजीने दोघींकडून वचन घेतले. आपण एक अक्षरही खोटे बोललो नाही, हे त्याने स्वतःस पुनःपुन्हा पटवून दिले.

रविवारी शेजारच्या क्षमाने आपल्या घरचा पाळणा दिला. मुलुंडहून गुणाजीची धाकटी बहीण सुगंधा आली. गुणाजीने तिला जिन्यातच गाठून नाव सांगितले. हरभऱ्याच्या घुगऱ्यांचा वास खोलीभर दरवळला. मालनने बाळाच्या मस्तकावर जरीची टोपी चढविली, आणि ती ओटीचे सामान आणण्यास वळली असता शेवंतीबाईने त्याच्या मनगटात इवल्या हिरव्या बांगड्या सरकविल्या. जमलेल्या बाया टोपीकडे पाहत, मग बांगड्यांकडे पाहत, आणि शेवटी एकमेकींकडे पाहत.

पाळण्याच्या एका अंगास शेवंतीबाई आणि दुसऱ्या अंगास क्षमा उभी राहिली. बाळाला पाळण्याखालून देण्याची वेळ आली.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," क्षमा रीतीप्रमाणे म्हणाली.

"कुणी गंगा घ्या, कुणी गौरा घ्या," शेवंतीबाईने पलीकडून उत्तर दिले, आणि बाळ मधल्यामध्ये अडकले.

"अगं, नक्की झालंय काय?" मागून एकीने विचारले.

"मुलगा ना? मी बघितलाय."

"मग बांगड्या कशाला?"

सुगंधाने पुढे होऊन बाळाला पाळण्यात ठेवले आणि ती कानाशी वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालण्यासाठी चारपाच मुठी वर उचलल्या गेल्या होत्या. पण ती तशीच थांबली आणि मान वर करून म्हणाली, "दादा, नाव मला ठाऊक आहे. पण हे सांगू कोणाला, मुलाला की मुलीला?"

"दोघांना," गुणाजी म्हणाला.

मालन हळूहळू त्याच्याकडे वळली. "तुम्ही आईंना काय सांगितलंत?"

"बालवाडीच्या बाई."

"आणि मला मिशीवाले."

बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मालन हसली नाही. "पहिला गेला तो बिननावाचा गेला," ती म्हणाली. "त्याच्यासाठी रडायचं तर काय नाव घेऊन रडू, मला अजून कळत नाही. हा जगला नाही, तरी..."

"तसां बोला नको," शेवंतीबाईने तिला अडविले.

"ह्याचं नाव ह्याचंच असू दे, आई. कुणाला फसवायला ठेवलेलं नको."

शेवंतीबाई मटकन खाली बसली. "आणि देवीक मी काय सांगू? नवस मी बोललंय. उद्या काय झालां तर तू माकाच दोषी धरशीत ना गो."

तेव्हा गुणाजीच्या ध्यानात आले की, या दोघींचे भांडण नावाचे नव्हतेच. एकाच भयाने दोघी दोन दिशांना पळत होत्या, आणि आपण मात्र दोघींना मध्येच एका शब्दावर बांधून ठेवायला निघालो होतो. पुढे काय बोलावे हे त्याला ठाऊक नव्हते. तरी तो बोलला.

"आई, मुलीचं नाव मला ठेव."

"तुका?"

"मीपण तुझंच पोर आहे. पाच वर्षं मी घेतो ते नाव. नारळ माझ्या नावाने फोड."

"दादा, डोकं फिरलंय का?" सुगंधा म्हणाली.

"थोडं फिरलंय."

शेवंतीबाईने गुणाजीला गंभीरपणे न्याहाळून पाहिले. देवीच्या व्यवहारात थट्टा तिला ठाऊक नव्हती. "तुका मिशी आसा," ती म्हणाली.

"नजरच चुकवायची ना? मिशी बघून यम जास्तच गोंधळेल."

कोणीतरी खुदकन हसले. शेवंतीबाई हसली नाही, पण तिने बाळाच्या मनगटातील बांगड्या अलगद काढल्या. त्या गुणाजीच्या बोटांवरूनही जाईनात, म्हणून तिने त्या दोऱ्यात ओवल्या आणि तो दोरा त्याच्या मनगटास बांधला. मग तिने सुगंधाला खूण केली.

प्रथम गुणाजीला पाळण्याशेजारी खाली बसविण्यात आले. सुगंधा त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "कुर्र, गुणाबाय," आणि बायांनी तिच्या पाठीत मनसोक्त धपाटे घातले. त्यानंतर तिने बाळाच्या कानात सुहास हेच नाव सांगितले; आता ते कुणाला फसवायला नव्हते, त्याचे एकट्याचे होते. गुणाजीचे कान लाल झाले होते. देवीस हे मान्य झाले की नाही, हे त्याला कळेना. आई मात्र भिंतीला टेकून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत देवीला बहुधा सर्व प्रकार समजावून सांगत होती.

घुगऱ्या वाटून झाल्या. शेवंतीबाईने चुलीजवळून हाक मारली, "गो गुणाबाय, पाव्हण्यांका पाणी दी."

सारी खोली वळून पाहू लागली. गुणाजी उठला, त्याने तांब्या भरला आणि बांगड्या वाजवीत तो पाहुण्यांपुढे गेला. मागे मालनने पाळण्याची दोरी हाती घेतली, आणि सर्वांदेखत, दारापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, ती बाळाला नावाने हाका मारू लागली. शेवंतीबाईने तिला गप्प केले नाही.